‘ध’ चा ‘घ’ आणि रेषेचा रंग

‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. पोथ्यांत ‘ध’ चा ‘घ’ होणें हें तर नित्याचेंच. आणि जेथें अक्षर हाच अंक, तेथें एवढ्यानें सर्व गणित बिघडतें. आर्यभटीयाच्या (इ. स. ४९९) गीतिकापादांतील ज्याखंडांचा श्लोक अशाच जातीचा आहे. त्या संकेतांत ‘ध’ म्हणजे १९, ‘घ’ म्हणजे ४ व ‘खि’ म्हणजे २००. अशा चुकीचें स्थान रंगानें कसें दाखवितां येतें, तें येथें सांगावयाचें आहे.

ज्याखंडें एकंदर २४. पहिलें २२५, पुढें २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ असें उतरत शेवटचें ७. सर्वांची बेरीज ३४३८, म्हणजे त्रिज्या. आडव्या अक्षावर २२५ कलांच्या अंतरानें चाप व उभ्या अक्षावर खंडांची चढती बेरीज मांडली, म्हणजे शून्यापासून २५ बिंदूंची ज्यारेषा मिळते. तिच्या प्रत्येक भागास तेथील खंडाप्रमाणें रंग द्यावयाचा.

संगणकाच्या पायथन भाषेंतील मॅटप्लॉटलिब या साधनाची ‘प्लॉट’ ही आज्ञा संबंध रेषेस एकच रंग देते. म्हणून प्रथम रेषेचे तुकडे करावे. शेजारच्या दोन दोन बिंदूंच्या जोड्या लाविल्या असतां २४ तुकडे होतात. ते ‘लाइनकलेक्शन’ कडे सोंपवून ‘सेट_ॲरे’ नें २४ खंड त्याच क्रमानें द्यावे. बिंदु २५, परंतु तुकडे २४, हें विसरूं नये. ‘नॉर्मलाइझ’ नें ७ व २२५ या मर्यादा बांधाव्या व ‘विरिडिस’ ही रंगमाला घ्यावी. तींत लहान संख्या जांभळी, मोठी पिवळी. नंतर ‘ॲड_कलेक्शन’ नें तुकडे आलेखांत घालून ‘ऑटोस्केल’ करावें, आणि रंगांचा अर्थ कळण्यासाठीं ‘कलरबार’ जोडावा.

शुद्ध पाठाची रेषा पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत क्रमानें उतरते. चौथ्या खंडांत ‘ध’ ऐवजीं ‘घ’ वाचल्यास २१९ चे २०४ होतात. चौथा तुकडा सातव्याच्या रंगाचा होतो व पांचवा पुन्हां उजळतो. तेथेंच दोष. परंतु पहिल्या खंडांत ‘म’ (२५) चा ‘भ’ (२४) झाला, तर एकाचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. बेरीज मात्र ३४३७ येते. चूक आहे हें बेरीज सांगते. ती ठळक असल्यास कोठें आहे, हें रंग सांगतो. दोहोंनीं केवळ संशय उत्पन्न होतो. पाठनिर्णय दुसऱ्या प्रतीशीं ताडूनच करावा.