जवळजवळ सरळ

मुंबईतल्या करी रोड-लालबागच्या कापड गिरण्यांत सरळ रेषेची गरज एकेका मागावर मिनिटाला २००च्या आसपास वेळा पडे. आडवा धागा नेणारा धोटा मागाच्या एका टोकाच्या पेटीतून दुसरीत जायचा तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दोन थरांमधून, पातळी न सोडता. त्याला फेकणारी मात्र काठी. खिळीवर बसवलेल्या काठीचे टोक गोलच फिरणार. ते वर उचलले गेले तर धोटा उसळतो, धागे तुटतात. कधी धोटा मागाबाहेर उडून माणसाला लागतो.

अंडरपिक, म्हणजे खालून फटका देणाऱ्या, मागात यावर देखणी तोड आहे. काठी खिळीवर अडकवायचीच नाही. तिच्या बुडाला पाळण्यासारखा वक्र तळ द्यायचा आणि तो सपाट पाटीवर डोलवायचा. वक्राची त्रिज्या काठीच्या उंचीइतकी असली, की टोक आडव्या रेषेत सरकते. कागदावर अगदी सरळ. प्रत्यक्षात तळ घसरतो, झिजतो, म्हणून जवळजवळ.

जेम्स वॉटने १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी अशीच जवळजवळ सरळ रेषा दांड्यांनी साधली. समोरासमोर दोन दांड्या, त्यांची मोकळी टोके जोडणारा एक छोटा दुवा. दुव्यावरचा नेमका बिंदू इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरतो. त्या वाटेचा मधला तुकडा पुरेसा सरळ. एक दांडी लांब केली, तर तो बिंदू तिच्याकडे सरकवावा लागतो. वॉटला आपल्या साऱ्या शोधांत याचाच अभिमान अधिक होता. पुढे रशियन गणिती चेबिशेव्हने ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे मोजायला घेतले आणि त्यातून गणिताची एक शाखाच निघाली. अगदी सरळ रेषा काढणारी जोडणी फ्रेंच अभियंता पोसेलियेने १८६४ साली दिली. तिला सात दांड्या लागतात. गिरणीत एवढ्या सांध्यांना तेल कोण घालणार!

मुंबईच्या गिरण्यांत लँकेशायरचे माग अधिक असत, आणि त्यांत बहुधा ओव्हरपिक, म्हणजे वरून फटका देणारे. तिथे काठी वरून फिरे, चामड्याचा पट्टा पिकरला, म्हणजे धोट्याला ढकलणाऱ्या तुकड्याला, ओढे आणि पिकर लोखंडी सळईवरून धावे. सळई सरळच, तरी ती बसवताना मुद्दाम किंचित तिरपी ठेवत. फटक्याच्या शेवटी धोट्याची मागची बाजू जराशी उचलली जाई, पुढचे टोक खाली आणि फणीकडे दबे. मग धोटा वाट सोडत नसे. हा तिरपेपणा जमवायचा, पट्ट्याची लांबी कमी-जास्त करायची, हे मागांची जुळणी पाहणाऱ्या जॉबरचे काम असे.