वस्तीतून विद्यापीठाकडे

पोटासाठी शहरात गेलेला कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतो. त्याचा निरोप येतो, पैसेही येतात. परंतु त्याची खोली कशी आहे, तो पाणी कोठून आणतो आणि आजारी पडल्यावर कोणाकडे जातो, हे गावाला क्वचितच ठाऊक असते. अशा स्थलांतरितांच्या जीवनाचा अभ्यास करून शासनाला धोरणाची दिशा दाखवणे हे संशोधकाचे काम होय. लखनौ विद्यापीठातील डॉ. राधाकमल मुखर्जी यांनी ते दीर्घकाळ केले.

मुखर्जींचा जन्म १८८९ मध्ये बंगालमधील बहरामपूर येथे झाला. कोलकात्यात शिकत असताना, १९०६ मध्ये, ते मेचुआबाजारच्या गरीब वस्तीत जाऊन प्रौढांना शिकवू लागले. या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सोपी पाठ्यपुस्तकेही लिहिली. पुढे शिक्षणाच्या आडून ते क्रांतिकारकांना साथ देत असावेत, असा संशय ब्रिटिश सरकारला आला आणि १९१५ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांची सुटका लवकरच झाली. त्यांचे प्रौढांचे वर्ग मात्र बंद पडले.

वर्ग बंद झाले, तरी वस्तीने दिलेली दृष्टी कायम राहिली. १९२१ मध्ये मुखर्जी लखनौच्या नव्या विद्यापीठात अर्थशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. लखनौपासून जवळच कानपूरच्या गिरण्या होत्या. खेड्यांतून आलेले मजूर तेथे ‘अहाता’ नावाच्या दाट वस्त्यांत राहत. मुंबईत तशाच चाळी होत्या, कोलकात्यात बस्त्या होत्या. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इंडियन वर्किंग क्लास’ या ग्रंथात मुखर्जींनी कामगारांच्या घरांचे व राहणीमानाचे दर्शन घडवले. त्यापूर्वी, १९३६ मध्ये, ‘मायग्रंट एशिया’ या ग्रंथात त्यांनी परदेशी जाणाऱ्या आशियाई लोकांचा प्रश्न मांडला होता.

घराचा आणि आरोग्याचा संबंध काय? अंधाऱ्या, कोंदट खोलीत अनेक माणसे एकत्र झोपली, की क्षयासारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे सहज पसरतो. पाणी अपुरे असेल आणि गटार उघडे असेल, तर पोटाचे विकार वाढतात. शिवाय आजारी मजूर बहुधा गावी परततो. त्यामुळे रोग शहरात जडतो, पण त्याची नोंद शहरात होत नाही. केवळ रुग्णालयाचे कागद पाहणाऱ्याला हे दुःख दिसत नाही. त्यासाठी खोलीच्या उंबरठ्यावर बसून विचारपूस करावी लागते आणि गावापर्यंत माग काढावा लागतो. म्हणूनच लोकसंपर्क हा अशा संशोधनाचा पाया आहे.

मुखर्जी १९५५ ते १९५७ या काळात लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रश्न मात्र संपला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून उत्तर प्रदेशाकडे पायी निघालेले मजूर साऱ्या देशाने पाहिले. ज्या शहरात ते राबत होते, तेथे त्यांपैकी अनेकांजवळ शिधापत्रिकाही नव्हती. २०२२ पर्यंत ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना सर्व राज्यांत लागू झाली. माणूस जेथे जाईल तेथे त्याचा हक्कही जावा, हे या योजनेचे तत्त्व आहे. आरोग्यसेवेलाही हेच तत्त्व लागू पडते.

आपल्या परिसरात परगावाहून आलेली कुटुंबे असतील. त्यांची मुले लसीकरणापासून वंचित तर राहिली नाहीत ना, जवळचा दवाखाना त्यांना ठाऊक आहे का, हे आपण आपुलकीने विचारू शकतो. मुखर्जींच्या कार्याचा आरंभही असाच, एका वस्तीत जाऊन बसण्याने झाला होता.