ट्रेलरमधली ३९ माणसे

२३ ऑक्टोबर २०१९च्या पहाटे इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात एका ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसांचे मृतदेह सापडले. त्यांत १५ वर्षांची दोन मुले होती. बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून आलेला तो ट्रेलर हवाबंद होता, शीतयंत्र बंद होते. श्वास घेता घेताच आतला प्राणवायू संपला, तापमान ३८.५ अंशांवर गेले. काहींनी मोबाइलवर घरच्यांची क्षमा मागितली. कसली क्षमा? चूक त्यांची नव्हतीच.

कायदा इथे दोन गुन्हे वेगळे मानतो. पैसे घेऊन माणसाला चोरून सीमेपार नेणे हा एक. फसवून किंवा धाकाने त्याला राबवणे, विकणे म्हणजे मानवी तस्करी, हा दुसरा. पण वाटखर्चासाठी कर्ज काढलेला माणूस तिकडे पोहोचल्यावर ते फेडायला मिळेल त्या कामाला जुंपला जातो, आणि मधली रेघ पुसली जाते. या मृतांपैकी अनेकांच्या घरच्यांनी जमिनी गहाण ठेवल्या होत्या. माणूस गेला, कर्ज राहिले.

२०२१मध्ये या माणसांना चोरून नेणाऱ्या टोळीच्या म्होरक्यांना २७ आणि २० वर्षांची कैद झाली. मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च व्हिएतनाम सरकारने आधी भरला, पण कुटुंबांनी तो परत फेडायचा, या अटीवर.