हंगामाआधीचा काटा

पाऊस उघडला, कृष्णेचे पाणी निवळू लागले की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दोन हंगाम लागोपाठ सुरू होतात. एक उसाचा, दुसरा कबड्डीचा. उसाच्या हंगामाचा गाजावाजा होतो, गव्हाणीत मोळी टाकतानाचे फोटो छापून येतात. कबड्डीचा, त्यातही कुमार आणि किशोर गटांचा हंगाम एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात, दोन बाके जोडून केलेल्या टेबलावर सुरू होतो. एक वस्तू मात्र दोन्हीकडे सारखी, ती म्हणजे काटा. तिकडे उसाची गाडी काट्यावर चढते, इकडे पंधरा-सोळा वर्षांचे पोर. आणि काटा म्हटला की आमच्या भागातल्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती काटामारीची.

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर कादंबऱ्या लिहीत स्वस्थ बसावे असा माझा बेत होता. परंतु ज्याला हिशेब लिहिता येतो त्याला आपल्याकडे कुणी स्वस्थ बसू देत नाही. देवस्थान, गृहनिर्माण संस्था, वाचनालय यांच्या वह्यांतून सुटलो तो कबड्डीच्या टेबलामागे सापडलो. गेली काही वर्षे आमच्याकडच्या मुलामुलींच्या संघांचे कागद तपासणे आणि जमाखर्च ठेवणे हे काम माझ्याकडे आहे. चढाई कशी करावी, कोपऱ्यातून घोट्याची पकड कशी घालावी, हे सांगणारी माणसे वेगळी. मैदानावर मला कुणी ओळखत नाही आणि ते योग्यच आहे. पण टेबलामागून जे दिसते ते मैदानाच्या कडेला उभे राहून दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

रचना साधी आहे. गावोगावची मंडळे जिल्हा संघटनेला संलग्न होतात, वर्गणी भरतात, खेळाडूंची नोंदणी करतात. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, तो राज्य स्पर्धेला जातो, आणि राज्यातून राष्ट्रीय संघाची दारे उघडतात. लहान मुलांना थोरामोठ्यांच्या अंगाखाली चिरडू द्यायचे नाही, म्हणून कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही अट असते. किशोर गटाला १६ वर्षे आणि ५५ किलो, कुमार गटाला २० वर्षे आणि ७० किलो (मुलींना ६५) ही जोडी आमच्या पिढीच्या तोंडात बसलेली. आकडे अधूनमधून बदलतात, तत्त्व तेच राहते. संघात खेळाडू १२. सात मैदानात, पाच राखीव.

१२ हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. माझे सगळे म्हणणे तेराव्याबद्दल आहे.

आधी वयाचे पाहू. आमच्या भागातल्या कोणत्याही शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडा, १ जूनला जन्मलेल्यांची रांग लागलेली दिसेल. या पोरांचा जन्म खरोखर १ जूनला झालेला नसतो. तो गुरुजींनी करून दिलेला असतो. बाप पोराला घेऊन शाळेत आला, ‘कधी जन्मला’ विचारले तर ‘लई पाऊस झाला त्या साली’ म्हणाला, गुरुजींनी हिशेब करून १ जून लिहिले आणि मूल पहिलीत बसले. त्या काळात ती दयाच होती. पण त्याच सवयीतून पुढे एक चलाखी जन्मली. दयेने तारीख लिहिता येते, तर सोयीने बदलताही येते.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके टीव्हीवर चढाया करताना दिसू लागला, आणि आमच्या टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा जाड झाला. त्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीला सवलतीचे गुण. प्रमाणपत्राच्या कागदाला असा भाव आला की खोटा कागदही बाजारात येतो, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीला आलेली आहेतच.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असेही नाही. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलसाठी ‘लिटल लीग’ नावाची संघटना १९३९ पासून आहे. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट या गावी तीन संघांवर सुरू झालेली ही चळवळ पुढे जगभर पसरली. २००१ साली तिच्या जागतिक स्पर्धेत न्यूयॉर्कच्या एका संघाचा डॅनी अल्मॉन्टे हा मुलगा असा काही चेंडू टाकत होता की एका सामन्यात त्याने समोरच्या एकाही खेळाडूला पहिल्या तळापर्यंत पोचू दिले नाही. १२ वर्षांच्या पोराचे हे कसब पाहून देश थक्क झाला. चौकशीत निघाले की पोर १४ वर्षांचे आहे. बापाने जन्मदाखला खोटा दिला होता. संघाचे सगळे निकाल रद्द झाले. लक्षात राहते ते हे की लबाडी थोरांनी केली आणि छायाचित्र मात्र पोराचे छापून आले.

आमच्याकडे असे काही निघाले की प्रशिक्षकाचे ठरलेले वाक्य येते. ‘सायेब, गरिबाचं पोरगं हाय. एका वर्सानं काय हुतंय?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तरही आता पाठ झाले आहे. ज्याची जागा हे पोर घेणार, त्या तेराव्या पोराचा बापही काही कारखान्याचा चेअरमन नसतो. तोही दुसऱ्याच्या शेतावर राबणाराच असतो. फरक इतकाच की समोर उभे असलेले पोर आपल्याला दिसते, तेरावे घरी परत गेलेले असते. त्याला काय झाले हेही कळत नाही. आपण कमी पडलो अशी समजूत करून घेऊन ते खेळ सोडते. दया करायची तर दोघांवर करा, आणि दोघांवर करता येणारी एकच दया आहे, ती म्हणजे खरी जन्मतारीख.

या कडकपणाची किंमत मात्र पडते, हेही लपवत नाही. एके वर्षी एका मंडळाचा किशोर गटातला चांगला खेळाडू वयात बसत नव्हता. कुमार गटात त्याला जागा होती. मंडळाला ते पटले नाही. त्यांनी रागाने आपले सगळेच संघ मागे घेतले, मुलींचा संघसुद्धा. त्या मुलींच्या कागदात एक कानामात्रा चुकलेला नव्हता. तारीख खरी ठेवली म्हणून सगळेच नीट झाले, असे त्या मुलींना कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हापासून आम्ही एक केले आहे. प्रत्येक संघाचा प्रवेश अर्ज वेगळा घेतो, त्यावर त्या संघाच्या कर्णधाराचीही सही घेतो, आणि माघार घ्यायची तर तीही कर्णधाराच्या सहीनेच. आता पोरांच्या अंगावरून मोठ्यांचे भांडण नेणे थोडे अवघड झाले आहे. थोडेच.

कडक नियमाचा दुसरा मार ज्याच्याकडे कागदच नाही त्याला बसतो. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यातली किती कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर जातात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. मूल फडावरच्या खोपीत जन्मले तर नोंद त्या गावी, शाळा दुसऱ्या गावी, आधार कार्डावर तिसरीच तारीख. आधार हा वयाचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात सांगितले आहे. जन्माची नोंद वर्षाच्या वर राहून गेली तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे आले. मार्ग आहे, पण तो आठ दिवसांत चालून होत नाही.

अशीच एक मुलगी आमच्याकडे आली होती. पकडीला जबरी. शाळेत १ जून, आधारवर भलतीच तारीख. प्रशिक्षिकेने तिचे कागद जुलैतच टेबलावर आणून टाकले म्हणून निभावले. आईला एवढेच आठवत होते की, कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. कोणता कारखाना, त्या साली टोळी कुठे होती, मुकादम कोण, असे विचारत विचारत गाव सापडले, ग्रामपंचायतीचे रजिस्टर सापडले आणि त्यात तिच्या आईचे नाव सापडले. बँकेत कर्जदार शोधण्यासाठी आम्ही याहून कमी पायपीट केली असेल. मुलगी वयात बसली. हेच कागद निवड चाचणीच्या आदल्या दिवशी आले असते तर नियमाने तिला बाहेर ठेवावे लागले असते आणि कुणाला दोषही देता आला नसता.

म्हणून माझे म्हणणे असे की, नियम कडक असावा, पण संघटनेने तो सांभाळायला जूनमध्ये उठावे. ऐन स्पर्धेच्या सकाळी दाखवलेला कडकपणा पुष्कळदा आळसाचे दुसरे नाव असतो.

वजनाचेही तेच. स्पर्धेच्या आदल्या रात्री उपाशी झोपणारी, सकाळपासून पाण्याचा घोट न घेणारी, भर उन्हात दोन स्वेटर घालून पळणारी पोरे मी पाहिली आहेत. काट्यावर उभे राहताना पाय लटपटतात आणि तासाभराने त्याच पायांनी चढाई करायची असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅम जास्त भरल्याने विनेश फोगटचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. ती जाणती खेळाडू होती, तिच्याभोवती डॉक्टर होते. आमच्या पोराभोवती कोण असते? अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवताना महाविद्यालयातले तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. मग तिथले नियम बदलले. घाम काढण्याचे रबरी कपडे बंद झाले, वजन सामन्याच्या तोंडावर घेऊ लागले, आणि कुणी किती किलोच्या खाली उतरायचे नाही हे हंगामाच्या आरंभीच ठरवून देऊ लागले.

ही शेवटची गोष्ट आपल्याला फुकटात करता येईल. १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. हार घालून झाले की त्याच दिवशी काटा बाहेर काढावा आणि प्रत्येक मुलाचे वजन लिहून ठेवावे. जुलैत ५९ किलो भरणारे वाढते पोर नोव्हेंबरात ५५ वर आणायचे नाही, त्याला वरच्या गटात खेळवायचे, हे प्रशिक्षकाला तेव्हाच सांगावे. वरच्या गटात खेळण्यात कमीपणा नाही. आमच्या सांगलीची स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात होती.

राहिला पैसा. १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा गावाने वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले. त्या पैशातून कांस्यपदक आले. आजही मुलांचा खेळ वर्गणीवरच चालतो. कुणी पतसंस्था टी-शर्ट देते, कुणी दूध संघ जेवणाचे बघतो, मॅटचे भाडे आणि पंचांचे मानधन मात्र रोखीत भागवावे लागते. पावती मागितली की कार्यकर्ते म्हणतात, ‘आपल्याच पोरांसाठी आहे, कशाला कागद?’ आपल्याच पोरांसाठी आहे म्हणूनच कागद. मुलींच्या संघाला एसटीचे तिकीट आणि मुलांच्या संघाला जीपगाडी, असा फरक कुणाच्या मनात नसतानाही होतो. तो भाषणात दिसत नाही, व्हाउचरांच्या फाइलीत दिसतो.

सातारा आणि सांगली हा १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. माणसे अजून एकमेकांच्या सोयरिकीतली, त्यामुळे सीमेवरच्या गावांतले एखादे पोर दोन्हीकडे नाव नोंदवून बसते. एका माणसाची दोन पासबुके सापडली की आम्ही बँकेत दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायचो. दोन्ही जिल्ह्यांनी आपापल्या नोंदणीच्या याद्या ऑगस्टमध्ये एकमेकांना दाखवाव्यात. बारा जणांच्या निवडीची यादी फळ्यावर लावताना तिच्याखाली तेरावे, चौदावे आणि पंधरावे नावही लिहावे. कुणाची जागा कुणाला गेली हे मुलांना वाचता आले पाहिजे. त्याने आमच्यासारख्या टेबलावरच्यांनाही जरा धाक राहतो.

ज्या घरात दहा-बारा वर्षांचे खेळणारे मूल आहे त्यांना एकच विनंती. बूट नंतर घ्या. आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन त्याचा जन्मदाखला काढा, शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. नोंदणीचे पैसे भराल तेव्हा पावती मागा. कुणी ती द्यायला कुरकुर केली तर तिथेच उभे राहा.