रहमतेचा दरवाजा : मुंबईची ‘जुनी मशीद’

मुंबईतल्या मस्जिद स्टेशनला हे नाव कोणत्या मशिदीवरून मिळाले? आपल्यापैकी बहुतेक जण आसपासच्या एखाद्या मशिदीचे नाव घेतील. जुने मुंबईकर मात्र सॅम्युएल स्ट्रीटवरच्या यहुदी प्रार्थनास्थळाकडे, सिनेगॉगकडे, बोट दाखवतात.

हे सिनेगॉग बेने इस्रायल समाजाचे. हा समाज मूळचा कोकणातला, मातृभाषा मराठी. गावोगावी तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आपल्या कोकणी मुसलमानांसारखीच त्यांची आडनावे गावावरून पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर. प्रार्थनास्थळाला ते ‘मशीद’च म्हणत.

ही ‘जुनी मशीद’ 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. कंपनीच्या फौजेतले दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाचे कैदी झाले. समाजात सांगतात की, कैदी बनी इस्राईल आहे हे कळताच सुलतानाच्या आईने कुरआनातला उल्लेख आठवून त्याची रदबदली केली आणि जीव वाचला. सुखरूप सुटलो तर इबादतगाह बांधीन, ही मन्नत दिवेकरांनी फेडली. 1860 मध्ये ती सध्याच्या जागी आली.

आत मूर्ती नाही, चित्र नाही. मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा. त्यावरून तौरातचे पठण होते. तौरातच्या हस्तलिखित गुंडाळ्या पडद्याआडच्या कपाटात असतात. ते कपाट जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे इथे पश्चिमेला. आपला किब्लाही इथून पश्चिमेलाच. स्त्रियांसाठी वर सज्जा आहे.

‘शाआर हारहमीम’ या हिब्रू नावाचा अर्थ रहमतेचा दरवाजा. ‘रहमीम’ आणि आपला ‘रहमत’ एकाच मुळातले शब्द.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. आता अनेक सिनेगॉगांत तेवढे जमणेही कठीण. या गल्लीत आज शेजार बहुतांशी आपलाच आहे.

आपल्या मुलांच्या कानावर ‘यहुदी’ हा शब्द येतो तो फक्त युद्धाच्या बातम्यांतून. फलस्तीनचे दुःख आपण त्यांना सांगतोच, सांगायलाही हवे. पण त्याच मुलांना मराठी बोलणारा, आपल्या इबादतगाहला मशीद म्हणणारा हा शेजारीही माहीत असायला हवा. नाहीतर स्टेशनच्या नावात ‘मस्जिद’ राहील, पण ती कोणाची होती हे सांगणारे कोणी उरणार नाही.