पी.टी.च्या तासाला शिकवायचं काय?

मंडळी, ‘जाणणं’ म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज त्याच्याकडे आपण शाळेच्या पटांगणावरून जाणार आहोत.

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात एक तास असतो. कागदावर त्याचं नाव ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’, मुलांच्या तोंडी ‘पी.टी.’. सहामाही जवळ आली की हा तास हळूहळू गणिताला, नाहीतर विज्ञानाला जायला लागतो. पोर्शन राहिलाय ना! याबद्दल तक्रार करतात ती फक्त मुलं. भूमितीचे तास बुडाले तर पालकसभेत हात वर होतात, पी.टी. बुडाला म्हणून कुणी पालक उभे राहिलेले आम्ही तरी पाहिलेले नाहीत.

जागा नाही, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. अंधेरी-घाटकोपरच्या दाटीत ते खोटं नाही. एकाच इमारतीत सकाळची शाळा, दुपारची शाळा, आणि पटांगण म्हणजे बस वळवायची जागा. पण ज्यांना चांगलं मैदान आहे त्या शाळांतही तास जातोच की. तेव्हा कारण दुसरं असलं पाहिजे. आम्हाला वाटतं ते असं: या तासाला ‘शिकण्यासारखं’ काही असतं, यावर आपला मुळात विश्वासच नाही.

तसा तो एके काळी होता, आणि तोही याच उपनगरात. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्या काळात सरकारनं शारीरिक शिक्षणाचा विचार करायला एक समिती नेमली; अध्यक्ष होते लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद. स्वतः बडोद्याला माणिकरावांच्या हाताखाली व्यायाम शिकलेले, म्हणजे आखाड्याची परंपरा त्यांना आतून ठाऊक. आणि पुढे १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पी. एम. जोसेफ तिचे पहिले प्राचार्य. (हेच जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. कांदिवली मुंबई महापालिकेत आली तीही १९५७ सालीच! तोवर ते मुंबईबाहेरचं गाव होतं.)

आता यात विशेष काय? बघा, तालमी आणि व्यायामशाळा तर महाराष्ट्रात आधीपासून होत्या. पण तालमीत जातो तो आपल्या हौसेनं जातो. शाळेच्या मैदानावर चाळीस-पन्नास मुलं उभी असतात ती वेळापत्रकात लिहिलंय म्हणून. त्यात अंगानं दणकट असतात, दम्याची असतात, लाजरी असतात. पैलवान उत्तम असला म्हणून तो या सगळ्यांना शिकवू शकेल असं नाही. त्यासाठी शिक्षक घडवावा लागतो. शिक्षक घडवायला संस्था काढणं म्हणजे ‘हा एक विषय आहे’ असं मान्य करणं.

मग या विषयातलं ज्ञान कोणतं? गिल्बर्ट राइल नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ च्या आपल्या ग्रंथात एक भेद केला. ‘अमुक असं आहे’ हे जाणणं वेगळं आणि ‘अमुक कसं करायचं’ हे जाणणं वेगळं. दुसरं हे पहिल्याचं धाकटं भावंड नव्हे. पोहण्याचं पुस्तक पाठ केलेला माणूस पाण्यात बुडतोच.

खो-खो घ्या. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. पळणारा कुठूनही वळेल, बसलेल्यांच्या मधूनही निसटेल. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणजे वेगवान मुलगा एकटा काहीच करू शकत नाही. त्याला योग्य क्षणी ‘खो’ देऊन स्वतः खाली बसावं लागतं. आणि बसलेल्यानं खो मिळेपर्यंत उठायचं नाही, पण उठायला पूर्ण तयार असायचं. हे तयार राहून थांबणं फळ्यावर कसं शिकवाल? नियम सांगायला पाच मिनिटं पुरतात. तो अंगात उतरायला महिने लागतात, आणि तेवढ्यासाठीच तास हवा.

‘आरोग्यासाठी पी.टी. हवं’ हा युक्तिवाद म्हणूनच आम्हाला पुरेसा वाटत नाही. आरोग्यच हवं असेल तर मुलगा सोसायटीच्या जिममध्ये जाईल. मग शाळेनं तास गणिताला दिला तर चुकलं कुठं? प्लेटोसुद्धा ‘रिपब्लिक’मध्ये म्हणतो, की व्यायामाचं शिक्षण केवळ शरीरासाठी नाही, आत्म्यासाठी आहे.

दुसरा घोटाळा स्पर्धांचा. आंतरशालेय सामने जवळ आले की सर संघातल्या दहा-बारा मुलांना घेऊन मैदानात, उरलेला वर्ग भिंतीला टेकून. चषक मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो, खेळाडूंना दहावीला क्रीडागुण मिळतात, ते मिळावेतही. पण भिंतीशी उभ्या मुलीला ‘मला जमत नाही’ एवढं एकच शिकवून आपण शाळेबाहेर पाठवतो. गणितात कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग असतो, धावण्यात कच्च्यांसाठी आपण काय काढलंय? दहावीच्या प्रगतिपुस्तकात या विषयाला श्रेणी असते, टक्क्यांत ती धरत नाहीत, म्हणून कुणी पाहतही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको म्हटलंय. छान आहे. वेळापत्रक लावणाऱ्यापर्यंत ते पोचायला हवं.

जागेचं म्हणाल, तर लंगडीला फार मोठं मैदान लागत नाही. अर्ध्या पटांगणात चार मुलं बसवून नुसता ‘खो’ देण्याचा सराव होतो: हात आणि आवाज एकाच वेळी, तोही पाठीमागून. जूनमध्ये प्रत्येकाची उभ्यानं मारलेली लांब उडी मोजून वहीत लिहावी, फेब्रुवारीत पुन्हा मोजावी. तुलना ज्याची त्याच्याशीच. खडू आणि मोजपट्टी, एवढंच सामान.

मुलींच्या तासाबद्दल एक चिठ्ठी मघाशी आली आहे, ती आधी घेऊ.