आमच्या घरीं आलेला नवा कॅमेरा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मातुःश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्या निमित्तानें पुणें, लातूर, संभाजीनगर अशा ठिकाणीं नोकरीधंद्यासाठीं पांगलेलीं आमच्या कुटुंबांतील लहानथोर माणसें केजेस जमलीं, आणि त्यांच्याबरोबर घरांत एक नवें यंत्रहि आलें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास नोकरी करते. तिनें आपल्या दोन वर्षांच्या शिलकेंतून एक उंची कॅमेरा घेतला आहे. ‘खिशांत फोन असतांना ही चैन कशाला?’ हा प्रश्न आमच्या माजघरांत निघाला, तसा तो वाचकांच्या घरींहि निघत असेल. म्हणून चार दिवसांच्या सहवासांत आम्हांस जें दिसलें, तें येथें निवेदन करीत आहों. आम्ही या शास्त्रांतले जाणकार नव्हों. तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, आणि इंग्रजीची मजल मॅट्रिकपुरती, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

यंत्राचें वर्णन करण्यापूर्वीं एक घरगुती गोष्ट सांगणें अवश्य आहे. कारण यंत्राची परीक्षा आमच्याकडे त्या गोष्टीवरूनच झाली. आमचे तीर्थरूप १९८९ सालीं निवर्तले. भिंतीवर लावण्यासाठीं त्यांचा फोटो शोधूं लागलों, तेव्हां शाळेच्या संमेलनांतील एका समूहचित्राखेरीज कांहीं सांपडेना. त्यांत त्यांचा चेहरा मसुरेच्या दाण्याएवढा. तोच मोठा करून घेतला. चष्म्याच्या कांचा दिसतात, मागचे डोळे दिसत नाहींत. आणि शेजारीं उभ्या असलेल्या शिक्षकांचा अर्धा कान चौकटींत राहिला आहे तो राहिलाच. आमच्या मुलांनीं आजोबा पाहिले ते असे, धुक्यांतून.

पुतणीनें कॅमेरा पिशवींतून काढला, तसें आईनें तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “अरे, हा बरा दिसतो. माझा एक फोटो आतांच नीट काढून ठेवा. नाहींतर ह्यांचा केलात, तसाच माझाहि कराल.”

सर्व मंडळी स्तब्ध झाली. वहिनी म्हणाल्या, “सासूबाई, मंगलकार्याच्या दिवसांत असें बोलूं नये.”

“यांत अमंगल तें काय? हजार चंद्र पाहिले मी. भिंतीवर जायचें तें चुकत नाहीं. पण पोरांना ओळखूं तरी आलें पाहिजे.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मात्र चार दिवस जो तो त्या यंत्राकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागला.

‘कॅमेरा’ हा शब्द आपणांस परका वाटतो. पण त्याचें एक भावंड आमच्या मराठवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. लॅटिन भाषेंत ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. तोच शब्द पोर्तुगीजांच्या मुखांतून ‘कमरा’ होऊन आपल्याकडे आला. अंधाऱ्या खोलीस बारीक छिद्र ठेविलें असतां बाहेरचा देखावा आंतल्या भिंतीवर उलटा उमटतो. ती अंधारी खोली म्हणजेच मूळचा कॅमेरा. उमटलेला देखावा धातूच्या पत्र्यावर कायम करण्याची दागेर या फ्रेंच गृहस्थाची कृति १८३९ सालीं जाहीर झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांनीं, १८५४ मध्यें, मुंबईस छायाचित्रणाची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांचा तिच्या आरंभीच्या काळांतील सभासदांत समावेश होता. आमचें केज तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिलें. त्या राज्यांत राजा दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होऊन गेला. सहाव्या निजामाच्या दरबाराचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात. दरबारची शिकार आणि मेजवानी टिकली. आमच्या पणजोबांचा चेहरा कसा होता, हें सांगणारें मात्र घरांत कांहीं नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. ह्या कॅमेऱ्याचें नांव फुजिफिल्म एक्स १००-सहा. १९३४ सालीं जपानांत स्थापन झालेली ही कंपनी मूळची फिल्म तयार करणारी; ह्या मालिकेचा पहिला कॅमेरा २०११ सालीं बाजारांत आला, आणि हा सहावा फेब्रुवारी २०२४ मध्यें जाहीर झाला. बाहेरून तो पन्नास वर्षांपूर्वींच्या कॅमेऱ्यासारखा दिसतो. वजन बॅटरीसह ५२१ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून किंचित्‌ अधिक; सदऱ्याच्या खिशांत मावत नाहीं, झोळींत मावतो. भिंग एकच व कायमचें जोडलेलें. दूरची वस्तु जवळ ओढण्याची सोय त्यांत नाहीं. जवळचें चित्र पाहिजे असेल तर आपणच दोन पावलें पुढें जावें. प्रथम ही उणीव वाटली. पुढें ध्यानांत आलें कीं माणसाचें चित्र काढावयास माणसाजवळ जावें लागतें, हें कांहीं वाईट नाहीं.

डोळा लावून पाहण्यास कांचेची खिडकी आहे. तींतून जग जसेंच्या तसें दिसतें. आंतील याद्या इंग्रजी आणि लांबलचक. त्यांत आम्ही शिरलों आणि वाट चुकलों. तेव्हां पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही तें सगळें सोडा. हीं तीन चक्रें तेवढीं फिरवा.” एक चक्र प्रकाशाचें दार किती उघडावें यासाठीं, दुसरें तें किती वेळ उघडें ठेवावें यासाठीं, आणि तिसरें चित्र एकंदर उजळ कीं सांवळें यासाठीं. एवढें व्याकरण आम्हांस एका सकाळींत पाठ झालें.

लहानपणीं आमच्या मामांपाशीं आगफा क्लिक-३ हा साधा कॅमेरा असे. त्याच्या एका रोळावर बारा चित्रें निघत. त्यास ऊन भरपूर लागे. म्हणून मामा सर्वांस अंगणांत सूर्याकडे तोंड करून उभें करीत. परिणामीं आईच्या त्या काळच्या प्रत्येक चित्रांत तिचे डोळे मिटलेले आहेत. नव्या यंत्राचा खरा गुण येथें दिसतो. फिल्मच्या जागीं त्यांत प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. ह्या कॅमेऱ्यांत तो २३.५ मिलिमीटर रुंद व १५.७ मिलिमीटर उंच आहे. आपल्या फोनांतील सेन्सर याहून कितीतरी लहान. पावसांत वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातींत पाणी अधिक सांचणारच; प्रकाशाचेंहि तसेंच. शिवाय ह्या सेन्सरवर सुमारें चार कोटी बिंदू आहेत. त्यावरचें चित्र सव्वीस इंच लांब व सतरा इंच रुंद छापलें तरी इंचास तीनशें बिंदू पडतात आणि चेहऱ्याची रेष न्‌ रेष शाबूत राहते. मसुरेच्या दाण्यांतून वडिलांना शोधणाऱ्या आम्हांस या आंकड्याचें मोल कोणी समजावून देण्याची गरज पडली नाहीं.

दुसरा गुण आमच्या वयास अधिक उपयोगी. आमचा हात अलीकडे कांपतो. ह्या कॅमेऱ्यांत सेन्सर तरंगता बसविलेला आहे. हात जिकडे हलेल त्याच्या उलट तो क्षणांत सरकतो आणि चित्र स्थिर ठेवतो. उत्पादकांच्या मापानें हा लाभ सहा पायऱ्यांपर्यंतचा आहे. प्रत्येक पायरी दुपटीची, म्हणजे सहा पायऱ्यांचे चौसष्टपट होतात. तेवढा सगळा लाभ नित्य मिळेल असें नव्हे. पण खांबास टेकून, श्वास रोखून काढलेलीं आमचीं चित्रें हललीं नाहींत, हें खरें.

आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला, आणि तो आमच्याच चुकीनें. आईस देवघरासमोर शालूंत बसविलें, तीन चित्रें काढलीं, आणि पाहतों तों मागची समई लख्ख, आई धूसर! कोणत्या वस्तूवर दृष्टि स्थिर करावयाची, हें यंत्रास सांगावयास आम्ही विसरलों होतों. आई हंसून म्हणाली, “समई चांगली आली आहे.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही माजघरांत सहज कॅमेरा घेऊन बसलों होतों. आई पूर्वेच्या खिडकीशीं, जुन्या लुगड्यांत, संध्याकाळच्या दिव्यांसाठीं वाती वळीत होती. आम्हीं कॅमेरा डोळ्यास लावला. तेवढ्यांत तिनें मान वर केली आणि विचारलें, “काय रे, चहा घेतलास का?” आम्हीं कळ दाबली. तिचा आवाज इतका हलका कीं चित्र निघालें हें तिला कळलेंहि नाहीं.

त्या संध्याकाळीं औक्षण झालें. ताटांत कणकेचे एक्यायशीं दिवे. पुतणीनें विजेची नळी मालवावयास सांगितलें. माजघरांत केवळ त्या दिव्यांचा उजेड राहिला. फोन घेतलेल्या मंडळींनीं झगझगीत प्रकाश पाडला, तेव्हां आईनें संवयीप्रमाणें डोळे मिटून घेतले. मग सर्वांनीं फोन खालीं ठेवले, आणि आम्हीं नुसत्या दिव्यांच्या उजेडांत पांचसहा चित्रें घेतलीं. त्यांत आईचे डोळे उघडे आहेत, आणि प्रत्येक डोळ्यांत दिव्यांचा एक लहान पुंजका आहे. फक्त तिचे जोडलेले हात पुसट आले. यंत्र आमच्या हाताचा कंप थांबवितें. आईच्या हाताचा थांबवूं शकत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं अंबाजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनास गेलों. येतांना हत्तीखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांत फोनची व कॅमेऱ्याची तुलना करून पाहिली. उघड्या प्रांगणांतील दगडी हत्तींचीं चित्रें दोहोंनीं सारखींच सुरेख काढलीं. कोणतें कशाचें, हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं. आंतील अंधाऱ्या खांबांजवळ मात्र फोनच्या चित्रांत दगड लोण्यासारखा गुळगुळीत दिसूं लागला, आणि कॅमेऱ्याच्या चित्रांत छिन्नीचे घाव मोजतां येत होते.

शेवटच्या रात्रीं सर्व चित्रें संगणकावर पाहावयास बसलों. चार दिवसांत सहाशेंहून अधिक चित्रें जमलीं होतीं. शंभर पाहतां पाहतां मुलें पेंगूं लागलीं. तेव्हां आम्हांस मामांचा रोळ आठवला, आणि ठरविलें कीं यांतून बाराच निवडावीं व छापावीं. निवडीस दोन तास लागले. भांडणें झालीं, हंशा झाला. आणि चित्रें खरोखर पाहिलीं गेलीं तीं त्या दोन तासांतच.

भिंतीवरच्या चित्राचा प्रश्न निघाला. औक्षणाच्या चित्रावर सर्वांचें एकमत होतें. आईनें तें पाहिलें, बरें आहे म्हणाली, आणि वातींचें चित्र पुन्हां दाखवावयास सांगितलें.

“हा लावा.”

वहिनी म्हणाल्या, “त्यांत जुनेर आहे अंगावर, चष्मा नाकावर घसरलेला.”

“असूं दे. त्या दिव्यांच्या फोटोंत सगळे माझ्याकडे बघताहेत. ह्यांत मी कोणाकडे तरी बघतें आहें.”

आम्हांस कांहीं बोलवेना. चार कोटी बिंदूंचें कौतुक आम्ही चार दिवस करीत होतों. त्या बिंदूंनीं काय टिपावें, हें आईनें एका वाक्यांत सांगितलें.

आतां ‘घ्यावा कीं न घ्यावा’ याविषयीं. ह्या कॅमेऱ्याची किंमत दीड लाख रुपयांच्या पुढें जाते. ही रक्कम लहान नव्हे. उजेडांतील नित्याच्या चित्रांस फोन पुरेसा आहे, आणि ज्या घरांत कोणास या विद्येचा नाद नाहीं तेथें असा कॅमेरा कपाटांतच राहील. पण घरांतील एखाद्या मुलास वा मुलीस तो नाद असेल, तर भाऊबंदांच्या चार घरांत मिळून एक कॅमेरा असणें, हा आमच्या मतें वायफळ खर्च नव्हे. कोणत्याहि यंत्रानें चित्र काढा, तीन गोष्टी पाळा: वडील माणसांस उन्हाकडे तोंड करून उभें न करतां खिडकीच्या उजेडांत बसवावें, वर्षांतून निवडक बारा चित्रें छापून त्यांच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें नांव, गांव व तिथि लिहावी, आणि मूळ चित्रें दोन निराळ्या ठिकाणीं जपून ठेवावीं.

वातींचें चित्र छापून आलें. आईनें तें दोन्ही हातांनीं डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिलें आणि आपल्या पत्र्याच्या ट्रंकेंत शालूखालीं ठेवून दिलें. “वेळ येईल तेव्हां काढा. तोंवर ह्यांच्या शेजारची जागा मोकळीच राहूं दे,” असें तिनें बजाविलें आहे. तें चित्र ट्रंकेंतच पुष्कळ वर्षें राहो, हीच योगेश्वरीचरणीं प्रार्थना. वाचकांनींहि आपल्या घरच्या वडील माणसांशेजारीं एखादी सकाळ खिडकीपाशीं बसून काढावी. चहाचें विचारतील, तेव्हां कळ दाबावी.